स्वतः चालवण्यासाठी मिनी पोकलेन कसे निवडावे: विदर्भातील खेड्यांपुरता विचार

मिनी पोकलेन, म्हणजे चाकांऐवजी चेनच्या पट्ट्यांवर चालणारे लहान खोदयंत्र, घ्यायचे ठरवणाऱ्याने सर्वांत आधी कंपनीचे माहितीपत्रक हाती घेऊ नये. आपल्या गावापासून पंधरा-वीस किलोमीटरच्या परिघात खोदकामाची कोणती कामे निघतात, ती कोणत्या महिन्यांत निघतात आणि कोणत्या जमिनीत करावी लागतात, हे आधी कागदावर मांडावे. मालक आणि चालक एकच असला की यंत्राची चूक निवड थेट त्याच्या घरखर्चावर येते. मोठ्या कंत्राटदाराकडे एक यंत्र उभे राहिले तरी दुसरे चालू असते. ज्याच्याकडे एकच यंत्र आहे त्याला ही सोय नसते. म्हणून यंत्राची निवड मे महिन्यातील गर्दी पाहून नव्हे, तर वर्षभर हाती राहणारे काम पाहून करावी, असे माझे ठाम मत आहे.

आधी काम, मग टन

पश्चिम विदर्भात, म्हणजे यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलडाण्याच्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात, लहान यंत्राला मिळणारे नेहमीचे काम म्हणजे पाइपलाइनचे चर, घरांचे पाये, शौचालयाचे व सेप्टिक टाकीचे खड्डे, धुऱ्यावरचे नाले मोकळे करणे आणि पांदण रस्त्याच्या कडेच्या चाऱ्या काढणे. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या संत्रापट्ट्यात बागेतील कामाची भर पडते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत धानाच्या बांध्या सरळ करणे, बोडी (धानशेतीचे लहान तळे) खोल करणे आणि मालगुजारी तलावांचे पाट व सांडवे साफ करणे ही कामे निघतात. या तिन्ही ठिकाणी एकच यंत्र सारखेच उपयोगी ठरेल, असे मानू नये.

बाजारातील लहान यंत्रे वजनावरून ओळखली जातात. दीड ते दोन टनांचे यंत्र साधारण सव्वादोन मीटर खोल खोदते, तीन ते साडेतीन टनांचे तीन मीटरच्या आसपास, पाच टनांचे साडेतीन मीटर किंवा थोडे अधिक आणि सात-आठ टनांचे चार मीटरच्या आसपास. क्युबोटाचे यू-१७, जेसीबीचे ३० प्लस, टाटा हिताचीचे ईएक्स ७० ही नावे या वेगवेगळ्या गटांतील आहेत. ती एकमेकांची पर्यायी यंत्रे नाहीत, तरीही पुष्कळ जण किमतीवरून त्यांची थेट तुलना करून बसतात.

दीड-दोन टनांच्या गटातील काही यंत्रांची चेन आत ओढता येते. यू-१७ ची रुंदी अशी कमी करून ९९० मिलिमीटरवर येते, त्यामुळे ते जुन्या वस्तीतील बोळातून घराच्या मागच्या अंगणात जाऊ शकते. तालुक्याच्या गावात नळजोडणी, गटार आणि पाये यांचेच काम असेल, तर हा गट विचारात घ्यावा. मात्र कडक मुरुमात किंवा मोठ्या गोट्यांच्या जमिनीत त्याचे बळ लवकर संपते. बहुसंख्य खेड्यांतील एकट्या मालक-चालकाला तीन ते साडेतीन टनांचा गट सर्वांत अधिक दिवस काम देतो, असे मला वाटते. पूर्व विदर्भातील बोडी आणि तलावांच्या कामासाठी मात्र पाच टनांच्या खाली जाऊ नये.

शेततळ्याचा मोह

लहान यंत्र घेणाऱ्याच्या मनात शेततळे हमखास असते. राज्य शासनाने २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आणली तेव्हापासून गावोगावी तळी खोदली गेली आहेत आणि खोदणाऱ्यांनी पैसाही मिळवला आहे. पण हिशेब मांडून पाहावा. वर ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर आणि बाजूंना एकास एक उतार दिलेल्या तळ्यातून सुमारे २,२०० घनमीटर माती निघते, म्हणजे जवळजवळ पावणेआठशे ब्रास. साडेतीन टनांच्या यंत्राची बकेट साधारण ०.१ घनमीटरची असते. भरणे, फिरवणे, रिकामी करणे आणि मधला खोळंबा धरला, तर तासाला बारा ते पंधरा घनमीटर माती निघाली तरी चांगले. या वेगाने एका तळ्याला दीडशे ते एकशे ऐंशी तास लागतील. सात-आठ टनांचे यंत्र तेच काम साठ तासांच्या आसपास करील आणि वीस टनांचे मोठे पोकलेन वीस तासांच्या आसपास मोकळे होईल. शिवाय लहान यंत्राचा हात पाच मीटरच्या आसपासच पोहोचतो, त्यामुळे तळ्याच्या मध्यभागातली माती काठावर टाकण्यासाठी दोन-तीनदा उचलावी लागते. शेतकरी पैसे घनमीटरवर देतो, आपले डिझेल मात्र तासावर जळते. म्हणून शेततळ्याच्या भरवशावर तीन टनांचे यंत्र घेऊ नये. पाइपलाइनची गोष्ट वेगळी आहे. ४५ सेंटीमीटर रुंद आणि ९० सेंटीमीटर खोल चराच्या एका मीटरला ०.४ घनमीटरच माती निघते. तेथे हेच यंत्र मऊ जमिनीत तासाला तीस-पस्तीस मीटर सहज पुढे सरकते आणि मोठे पोकलेन आणणे कोणालाच परवडत नाही.

चाकांवरचे जेसीबी गावात आधीच असते, मग आपल्याला काम कोण देईल, हा प्रश्नही रास्त आहे. ते यंत्र साडेसात-आठ टनांचे असते, रस्त्याने स्वतः चालत जाते आणि पुढच्या बकेटने ट्रॉली भरून देते. या बाबतीत मिनी पोकलेनने त्याच्याशी स्पर्धा करू नये. आपली ताकद अरुंद जागेत आणि ओल्या जमिनीत आहे. चेनमुळे वजन मोठ्या क्षेत्रावर पसरते आणि तीन टनांच्या यंत्राचा जमिनीवरील दाब प्रति चौरस सेंटीमीटर ०.३ किलोच्या आसपास राहतो. म्हणून काळ्या जमिनीत पावसानंतर जेथे चाके रुततात, तेथे हे यंत्र काही दिवस आधी उतरू शकते. हे काही दिवसच पुष्कळदा कमाईचे असतात.

काळी जमीन आणि काळा पाषाण

विदर्भातील खोल काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगा पाडते आणि पावसात फुगून चिकट होते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात हा चिकटपणा आणखी त्रास देतो. अशा ओलसर मातीत तीस सेंटीमीटरची अरुंद, खोल बकेट दोन-चार वेळा भरली की माती कोपऱ्यांत घट्ट बसते. बकेट उलटी केली तरी ती पडत नाही, चालक लिव्हर मागेपुढे करून बकेट झटकत राहतो, तरीही अर्धी माती आतच राहते आणि पुढच्या वेळी बकेट अर्धीच भरते. असे झटके देत राहिल्याने सांध्यांतील पिन आणि बुश झिजतात ते वेगळेच. म्हणून खरेदीच्या वेळीच तोंडाकडे रुंद होत जाणारी उथळ बकेट मागावी. बहुतेक यंत्रांसोबत एकच बकेट येते. ४५ किंवा ६० सेंटीमीटरची दातांची एक आणि नाल्यांच्या सफाईसाठी मीटरभर रुंदीची बिनदाती एक, अशा दोन बकेटी किमतीत बसवून घेण्याचा आग्रह धरावा. दराच्या वाटाघाटीत शेवटचे पाच हजार कमी करून घेण्यापेक्षा दुसरी बकेट मिळवणे अधिक फायद्याचे आहे.

काळ्या मातीचा थर संपला की खाली मुरुम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो. पश्चिम विदर्भातील बराचसा भाग याच अग्निजन्य खडकावर उभा आहे. त्यामुळे ब्रेकरची, म्हणजे खडक फोडणाऱ्या हायड्रोलिक हातोड्याची, मागणी येणारच. यंत्र घेताना ब्रेकरची हायड्रोलिक लाइन कारखान्यातूनच बसवलेली आहे का, तिच्यातून मिनिटाला किती लिटर तेल किती दाबाने मिळते, आणि घ्यायचा ब्रेकर त्या आकड्यांच्या मर्यादेत बसतो का, हे तीनही प्रश्न लेखी विचारावेत. आकार मोठा म्हणून जड ब्रेकर लावला तर हाताच्या पिना ढिल्या होतात आणि पंप तापतो. तीन टनांच्या यंत्रावरचा ब्रेकर कडक मुरुम, जुने काँक्रीट आणि सुटे दगड यांसाठी ठीक आहे. अखंड पाषाणात विहीर उतरवणे हे त्याचे काम नाही. ब्रेकरचे तास माती खोदण्याच्या तासांपेक्षा यंत्राला फार महाग पडतात, म्हणून त्यांचा दर वेगळा ठेवावा आणि हायड्रोलिक तेल व फिल्टर नियमावलीत ब्रेकरसाठी सांगितलेल्या कमी अंतराने बदलावेत.

चेन रबरी घ्यावी की लोखंडी, याचे उत्तरही जमिनीतच आहे. गावातील सिमेंट रस्ते, फरशी आणि अंगणे यांवर काम असेल तर रबरी चेनच हवी, कारण लोखंडी चेन रस्ता उखडते आणि ग्रामपंचायतीशी वाद होतो. पण फुटलेल्या काळ्या दगडांच्या धारांवर रबर कापले जाते, आणि दगडांवर जागच्या जागी वळवल्याने ते अधिक लवकर फाटते. खाणीलगत किंवा नाल्याच्या पात्रात नेहमी काम असणाऱ्याने लोखंडी चेन घेऊन तिला रबरी पॅड लावण्याची सोय आहे का, हे पाहावे. चेन कोणतीही असो, काळी माती वाळण्याआधी रोज संध्याकाळी फावड्याने काढलीच पाहिजे. स्प्रॉकेट (चेन फिरवणारे दातेरी चाक) आणि रोलर (चेनमधली लहान चाके) यांमध्ये ती वाळून घट्ट झाली की चेन ताणली जाते आणि उतरते.

मागचा भाग किती बाहेर येतो

संत्र्याच्या बागेत झाडे बहुधा सहा बाय सहा मीटरवर असतात आणि जुन्या बागेत दोन ओळींतील फांद्यांमधली मोकळी जागा निम्म्याहूनही कमी उरते. भारी जमिनीतील बागेत पावसाचे पाणी साचले की डिंक्यासारखे रोग बळावतात, म्हणून ओळींच्या मध्ये पाणी काढून देणारे चर पावसाळ्याआधी खोदावे लागतात. येथे नेहमीच्या बांधणीचे यंत्र फिरले की त्याचा मागचा जड भाग चेनच्या बाहेर येतो आणि फांदीवर किंवा फळांवर आदळतो. ज्याचा मागचा भाग फिरताना चेनच्या रुंदीतच राहतो, असे यंत्र या कामाला योग्य. त्याचा तोटाही लक्षात ठेवावा: मागचे वजन मध्याजवळ आल्यामुळे आडव्या बाजूने जड दगड किंवा भरलेली बकेट उचलताना असे यंत्र त्याच वजनाच्या नेहमीच्या यंत्रापेक्षा कमी स्थिर असते. संत्रापट्ट्याबाहेरच्या माणसाने केवळ दिसायला सुबक म्हणून त्याला जादा पैसे मोजू नयेत. बूम (खोदणाऱ्या हाताचा यंत्राकडचा भाग) मुळाशी डावी-उजवीकडे वळण्याची सोय मात्र सर्वांनी मागावी, कारण भिंतीला किंवा धुऱ्याला लागून चर खोदणे तिच्याशिवाय फार किचकट होते.

माहितीपत्रक वाचताना

दोन यंत्रांचे वजन ताडून पाहताना दोन्ही आकडे एकाच स्थितीचे आहेत का, हे आधी पाहावे. एकाने केबिनसह आणि दुसऱ्याने फक्त छतासह वजन दिलेले असते. बकेटची मापे काठोकाठ आणि शिगोशीग अशा दोन प्रकारांनी दिली जातात. खोदण्याचे बळ बकेटचे वेगळे आणि आर्मचे (हाताच्या बकेटकडच्या भागाचे) वेगळे असते, आणि लांब आर्म घेतला तर खोली वाढते पण बळ कमी होते. अश्वशक्तीवर मी फारसा भर देणार नाही. लहान यंत्राचे काम पंप आणि व्हॉल्व्ह किती सुबकपणे चालतात यावर ठरते. एकाच वेळी बूम उचलून, आर्म ओढून आणि यंत्र फिरवून पाहावे; तिन्ही हालचाली एकत्र होताना एखादी थबकत असेल, तर दिवसभराच्या कामात तो प्रत्येक थबका पैशात मोजावा लागेल.

डिझेलबाबत विक्रेता तासाला किती लिटर लागते ते सांगतो, पण तो आकडा एकटा निरुपयोगी आहे. समजा, एक यंत्र तासाला ३ लिटर पिऊन १२ घनमीटर खोदते आणि दुसरे ३.६ लिटर पिऊन १६ घनमीटर खोदते. पहिल्याचे एका लिटरमागे ४ घनमीटर पडतात आणि दुसऱ्याचे जवळजवळ साडेचार. अधिक डिझेल पिणारे यंत्रच येथे स्वस्त ठरले. हे पाहण्यासाठी प्रात्यक्षिक आपल्याच शिवारात मागावे, टाकी गळ्यापर्यंत भरावी, चार तास एकाच जमिनीत चर खोदावा, पुन्हा गळ्यापर्यंत भरताना किती लिटर लागले ते मोजावे आणि चराची लांबी, रुंदी, खोली टेपने घ्यावी. विक्रेत्याच्या आवारातील भुसभुशीत मातीवरचे प्रात्यक्षिक पाहून काहीही ठरवू नये.

हे प्रात्यक्षिक शक्यतो एप्रिल-मे महिन्यात, दुपारी घ्यावे. नागपूर, चंद्रपूर, वर्धा, अकोला येथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि त्या उन्हात हायड्रोलिक तेल किती तापते, हे तेव्हाच कळते. रेडिएटर आणि तेलाचा कूलर एकामागे एक असे दाबून बसवलेले आहेत की वेगळे काढून हवेने साफ करता येतात, हे झाकण उघडून डोळ्यांनी पाहावे. विदर्भात धूळ तर असतेच, पण वेचणीच्या दिवसांत कापसाचे तंतूही जाळीत अडकतात. वातानुकूलित केबिन ही चैन नव्हे. जो माणूस स्वतः आठ तास बसणार आहे त्याने तिचा विचार नक्की करावा. छताचे यंत्र घेतले तरी ते उलटल्यास चालकाला वाचवणारी चौकट आणि सीटबेल्ट असल्याशिवाय घेऊ नये.

पैशाचा हिशेब

समजा, २० लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी चार वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ५१,७०० रुपये येतो, म्हणजे वर्षाला सव्वासहा लाखांच्या जवळपास. काळ्या जमिनीच्या भागात जून ते सप्टेंबर या काळात शेतातले काम जवळजवळ बंद असते आणि खरिपाचे पीक उभे असेपर्यंत वावरात यंत्र घालता येत नाही. म्हणून वर्षाला ९०० तास काम धरले, तर नुसता हप्ताच तासामागे ६९० रुपये पडतो. तासाला ३ लिटर डिझेल ९२ रुपयांनी २७६ रुपये, तेल-फिल्टर-ग्रीससाठी शंभर आणि चेन, पिन, बुश यांच्यासाठी बाजूला काढायचे शंभर धरले, तर जवळजवळ १,१७० रुपये झाले. यात विमा, वाहतूक आणि स्वतःची मजुरी अजून आलेली नाही. वर्षाला १,२०० तास मिळाले तर हप्त्याचा भार ५२० रुपयांच्या खाली येतो. हे आकडे उदाहरणाचे आहेत, प्रत्येकाने त्यांत आपला व्याजदर आणि आपल्या भागातील भाडे घालावे. भाडे खर्चाच्या वर किमान दोन-तीनशे रुपये राहत नसेल, तर नवे यंत्र घेऊ नये. वित्तसंस्थेशी बोलताना पावसाळ्याचे हप्ते लहान आणि उन्हाळ्याचे मोठे करून मागावेत. यंत्रावरील १८ टक्के जीएसटी किमतीत धरला आहे की वेगळा आहे, हेही दरपत्रकावर लिहून घ्यावे.

वाहतूक या हिशेबात बहुतेक जण विसरतात. चेनचे यंत्र तासाला जेमतेम तीन-चार किलोमीटर चालते आणि रस्त्याने लांब चालवले तर चेन व रोलर झिजतात. तीन टनांचे यंत्र, ब्रेकर आणि बकेटी मिळून साडेतीन टनांच्या पुढे जातात. ज्या गाडीवर ते चढवायचे तिच्या नोंदणीपुस्तकातील क्षमता पाहिल्याशिवाय भाडे ठरवू नये.

सेवेबाबत एक सोपी परीक्षा आहे. खरेदीच्या आधीच विक्रेत्याच्या सुट्या भागांच्या खिडकीवर फोन करून बकेटचा दात, हायड्रोलिक फिल्टर, एक होज, चेनचा एक जोड आणि ट्रॅक मोटरचे (चेन फिरवणाऱ्या मोटरचे) सील किट यांची किंमत आणि मिळण्याचा दिवस विचारावा. उत्तर लगेच मिळाले तर ठीक. नागपूर-अमरावतीत शोरूम आहे म्हणून धारणी किंवा सिरोंचाला मेकॅनिक दुसऱ्या दिवशी येईल, असे गृहीत धरू नये.

जुने यंत्र पाहताना

जुने यंत्र घेणे चूक नाही. एकट्या माणसाला सुरुवातीला तेच परवडते. मात्र पाहायला जाताना इंजिन आधीच तापवून ठेवू नका, असे बजावून जावे. थंड इंजिन सुरू होताना थोडा धूर येतो आणि जातो; निळा धूर टिकून राहिला तर इंजिन ऑइल जळत आहे असे समजावे. तेल भरण्याचे झाकण उघडून आतून वाफेचा जोर येतो का ते पाहावे. हायड्रोलिक तेल दुधी दिसले तर त्यात पाणी आहे, काळपट आणि जळका वास असला तर यंत्र बराच काळ तापलेले आहे.

त्यानंतर बकेट जमिनीवर टेकवून यंत्राची एक बाजू उचलावी आणि वर आलेली चेन दोन्ही दिशांनी फिरवावी. स्प्रॉकेटचे दात टोकदार झाले आहेत का, एखादा रोलर फिरत नाही का, ट्रॅक मोटरच्या कडेला तेलाने ओली झालेली धूळ आहे का, हे त्या दोन मिनिटांत कळते. मग बूम वर करून, भरलेली बकेट हवेत ठेवून इंजिन बंद करावे आणि दहा मिनिटे थांबावे. बकेट डोळ्यांदेखत खाली येत असेल तर सिलिंडरची सीले किंवा व्हॉल्व्ह गेलेले आहेत. बकेट जमिनीपासून वीतभर वर ठेवून कोणाला तरी ती हाताने वर-खाली हलवायला सांगावे आणि आपण फिरत्या चकतीजवळ कान द्यावा. तेथे खडखड ऐकू आली तर तो खर्च मोठा असतो. नवा रंग लावलेला दिसला तर बूमच्या मुळाशी आणि आर्मच्या सांध्यांशी वेल्डिंगच्या जाड रेषा शोधाव्यात. मीटरवर दोन हजार तास आणि पायातील पॅडल झिजून गुळगुळीत, असे असेल तर पॅडलवर विश्वास ठेवावा.

कागदपत्रांत मूळ बिल, त्यावरील चॅसिस व इंजिन क्रमांक, आणि कर्ज फिटल्याचे वित्तसंस्थेचे पत्र हवेच. यंत्र कधी महसूल विभागाने जप्त केले होते का, हेही विचारावे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार विनापरवाना मुरुम, माती किंवा वाळू काढताना वापरलेले यंत्र जप्त होऊ शकते आणि दंड भरल्याशिवाय सुटत नाही. मालक स्वतःच चालक असल्यावर ‘मला माहीत नव्हते’ हे म्हणणे चालत नाही. शेतमालक सांगतो म्हणून मुरुम काढून ट्रॉलीत भरून देण्याआधी परवान्याची प्रत पाहावी.

नवे यंत्र ताब्यात घेताना चॅसिस क्रमांक बिलाशी ताडून पाहावा, वॉरंटी किती वर्षांची आणि किती तासांची आहे आणि त्यांपैकी आधी काय संपेल ते लिहून घ्यावे, पहिली सर्व्हिस किती तासांनी आहे हे ठरवून तिची तारीख मागावी, आणि ग्रीस भरण्याची प्रत्येक जागा विक्रेत्याच्या माणसाकडून बोट ठेवून दाखवून घ्यावी.